रेंज नसलेल्या गावाने उपग्रहाची छत्री कधी घ्यावी?

नांदेड जिल्ह्यातल्या भोकर परिसरातल्या वाचकांकडून वर्षभर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो आहे. "ती स्टारलिंकची छत्री आपल्याकडं मिळते का? एकजण बुकिंगला दोन हजार मागतोय, देऊ का?" विचारणारे बहुतेक जण तालुक्याच्या कडेला राहणारे आहेत. किनवटकडच्या जंगलपट्टीतल्या वाड्या, डोंगराच्या कुशीतले तांडे आणि शेतातले आखाडे इथे फोन लावायला अजूनही माळावर जावं लागतं. भोकर शहरात राहणाऱ्यांना या लेखाची फारशी गरज नाही. पण ज्यांच्या गावात रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही म्हणून दोन-दोन हेलपाटे होतात आणि लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचा ओटीपी येईपर्यंत त्याची वेळ संपून जाते, त्यांच्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

दोन हजारांचं उत्तर आधी देतो. देऊ नका. कोणत्याही अनोळखी माणसाला, दुकानाला किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर उपग्रह इंटरनेटच्या नावाने एक रुपयाही भरू नका. त्याची कारणं पुढे येतील.

आज नेमकं काय झालं आहे आणि काय नाही

बातम्या इतक्या आल्या की सेवा सुरू झाली, असाच अनेकांचा समज झाला. त्यामुळे घटनाक्रम नीट बघा.

- जून २०२५ मध्ये उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. जुलैमध्ये 'इन-स्पेस' या केंद्रीय संस्थेने पाच वर्षांसाठी मंजुरी दिली. एअरटेलशी संबंधित वनवेब आणि जिओ-एसईएस यांना असाच परवाना त्याआधीच मिळालेला आहे.
- परवान्यानंतरही स्पेक्ट्रमचं वाटप, सुरक्षा चाचण्या आणि देशातली जमिनीवरची केंद्रं हे टप्पे उरतात. २०२५ संपेपर्यंत देशात स्टारलिंकची घरगुती सेवा सुरू झालेली नव्हती.
- ५ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. सरकारी कार्यालयं, शाळा, आरोग्य केंद्रं आणि दुर्गम गावं जोडण्याचा हा विचार होता आणि सुरुवात नव्वद दिवसांच्या प्रायोगिक टप्प्याने करायची होती. त्या वेळी गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांची नावं घेतली गेली. मराठवाड्यातला धाराशिव त्यात आहे, नांदेड नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याचा उपयोग आहे.
- डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीच्या भारतातल्या संकेतस्थळावर महिना ८,६०० रुपये आणि उपकरण ३४,००० रुपये असे आकडे दिसले. ती तांत्रिक चूक होती, दर अजून जाहीर केलेले नाहीत, असं कंपनीने लगेच सांगितलं. तरीही ते आकडे आजही मोबाइलवर फिरत आहेत. त्यांच्यावर विसंबू नका.

२०२१ चा अनुभवही विसरू नका. तेव्हा परवाना नसतानाच स्टारलिंकने ९९ डॉलर घेऊन आगाऊ नोंदणी सुरू केली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने 'ही सेवा घेऊ नका' असं जाहीर बजावलं आणि कंपनीला लोकांचे पैसे परत करावे लागले. ती खरी कंपनी होती म्हणून पैसे परत आले. बाजारात भेटलेला एजंट परत करणार नाही.

छत्री म्हणजे काय, निर्णयापुरतं

बँकेच्या शाखेवर किंवा एटीएमवर दिसणारी मोठी छत्री तुमच्या ओळखीची असेल. तिचा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर एका जागी स्थिर असतो. त्यामार्गे संदेश पाठवून त्याचं उत्तर परत यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. पैसे भरणं, फॉर्म भरणं, अंगठा लावणं या कामांना तेवढा उशीर चालतो, पण व्हिडिओ कॉल अडखळतो. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरतात. म्हणून उशीर जाणवत नाही आणि ऑनलाइन वर्ग किंवा डॉक्टरांशी बोलणं नीट होतं. पण फिरते असल्यामुळे त्यांना मोकळं आभाळ लागतं. एक उपग्रह झाडाआड गेला की जोडणी तुटते.

आणखी एक गैरसमज आहे. छत्री लावली म्हणजे मोबाइलला रेंज आली, असं होत नाही. छत्रीखाली एक राउटर असतो आणि त्याचं वाय-फाय घराभोवती, फार तर अंगणापर्यंत पोचतं. दगड-मातीच्या जाड भिंतींत ते आणखी कमी होतं. शेतातल्या बांधावर तुमचा फोन पूर्वीसारखाच मुका राहील.

ओटीपीचं काय? ही चाचणी आजच करा

बहुतेक वाचकांची खरी अडचण इंटरनेटपेक्षा ओटीपीची आहे, असं माझं मत झालं आहे. ओटीपी येतो एसएमएसने आणि एसएमएस येतो मोबाइलच्या टॉवरवरून. नुसतं वाय-फाय आलं म्हणून तो येईलच असं नाही. त्यासाठी फोनमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' ही सोय लागते. ती असेल तर कॉल आणि बऱ्याच फोनवर एसएमएसही वाय-फायवरून येतात.

पुढच्या वेळी भोकरला बाजाराला याल तेव्हा कुणा नातेवाइकाच्या किंवा ओळखीच्या दुकानदाराच्या वाय-फायवर हे करून बघा:

१. फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करा.
२. विमान मोड लावा, म्हणजे टॉवरशी संबंध तुटेल. मग फक्त वाय-फाय सुरू करा.
३. दुसऱ्या फोनवरून स्वतःला कॉल करा, एसएमएस पाठवा आणि एखाद्या सरकारी संकेतस्थळावरून ओटीपी मागवून बघा.

आला, तर छत्री आणि फायबर दोन्ही तुमच्या कामाचे. नाही आला, तर आधी सिम किंवा फोन बदलण्याचा विचार करा. हजारोंचं उपकरण बसवूनही ओटीपीसाठी माळावरच जावं लागलं, अशी वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे सांगतो आहे.

आणि ई-पीक पाहणीसाठी छत्रीचा विचार करत असाल तर थांबा. शेतात फोटो काढून माहिती फोनमध्ये साठवता येते आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवता येते. ज्याला शिकवावं लागेल त्याला घरातल्या मुलाने एकदा शिकवलं की पुरतं.

छत्रीआधी जमिनीवरचे पर्याय तपासा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पैसे इथेच वाचतात.

दुसऱ्या कंपनीचं सिम. फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क आपोआप निवडण्याची सोय बंद करून नेटवर्क 'शोधा' म्हणा. मिनिटभरात त्या जागी ज्या ज्या कंपन्यांची लहर पोचते त्यांची नावं दिसतात. घर, अंगण, गच्ची, आखाडा असं चार ठिकाणी करा आणि कागदावर लिहून ठेवा. घरातले सगळे एकाच कंपनीचे असतात आणि शेजारच्या टेकडीवर दुसरीचा टॉवर असतो, असं पुष्कळदा आढळतं. बीएसएनएलचं नाव दिसलं तर ते जुनं समजून सोडू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलने देशभर ४जी सुरू केलं आहे आणि न पोचलेल्या गावांसाठी केंद्राने मंजूर केलेल्या टॉवरांचं कामही त्याच्याकडेच आहे. केंद्राच्या 'डिजिटल भारत निधी'तून उभारलेल्या टॉवरांसाठी जानेवारी २०२५ पासून एका कंपनीच्या टॉवरवरून इतर कंपन्यांच्या ग्राहकांना ४जी वापरता येईल अशी सोयही सुरू झाली आहे.

बाहेरचा अँटेना. घराच्या छपरावर एखादी रेघ रेंज येते आणि आत काहीच नाही, अशी स्थिती असेल तर सिम टाकायचा ४जी राउटर आणि त्याला जोडलेला, उंच पाइपवर बसवलेला अँटेना हा मधला मार्ग आहे. याचा खर्च काही हजारांत भागतो. पण इथे एक सावधगिरी घ्या. बाजारात 'सिग्नल बूस्टर' म्हणून जे यंत्र विकतात ते परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे. त्याने आसपासच्या टॉवरचं काम बिघडतं आणि यंत्र जप्त होतं. साधा अँटेना चालतो, बूस्टर नाही.

हवेतून येणारं ब्रॉडबँड. जिओ आणि एअरटेल यांचं एअरफायबर २०२३ पासून सुरू आहे. टॉवर नजरेच्या टप्प्यात असेल तर ते मिळू शकतं. मध्ये डोंगर असेल तर सोडून द्या.

भारतनेटचं फायबर. हा पर्याय लोक सगळ्यात लवकर सोडून देतात आणि तीच चूक आहे. तुमच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत एक लोखंडी कपाट, त्यात एक बंद पडलेलं यंत्र आणि बाहेर भिंतीवर एक केबल लोंबत असेल, तर तुमच्या गावापर्यंत फायबर आलेलं आहे. महाराष्ट्रात हे काम काही ठिकाणी बीएसएनएलने, काही ठिकाणी राज्याच्या महानेटने केलं. आधी तुमची केबल कुणाची ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या जुन्या ग्रामसेवकांना, विचारा. मग हे प्रश्न विचारा:

- यंत्राचा दिवा लागतो का? लाईटची जोडणी आहे का? की वीजबिल थकल्याने बंद आहे?
- केबल रस्त्याच्या किंवा नळयोजनेच्या खोदकामात तुटली का? तुटल्याची लेखी तक्रार कुणी, कधी केली?
- गावात घरापर्यंत जोडणी देणारा बीएसएनएलचा स्थानिक भागीदार कोण?

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेट कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. ग्रामपंचायतीचं मुख्यालय नसलेल्या वाड्या-तांड्यांना 'मागणी असेल तिथे' जोडण्याची तरतूद त्यात आहे. मागणी असेल तिथे, हे शब्द महत्त्वाचे आहेत. मागणीच नोंदवली नाही तर तांडा यादीत येणार नाही. फायबर नीट चालू राहिलं तर त्याची गती आणि महिन्याचा खर्च यांच्याशी छत्रीची बरोबरी होत नाही. म्हणून मृत फायबर जिवंत करता येत असेल तर त्यासाठी भांडणं हेच पहिलं काम.

हे सगळं करूनही काही नसेल, तर हिशेब करा

२०२५ संपेपर्यंत भारतातला दर जाहीर झालेला नव्हता, तरी अंदाज बांधता येतो. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्र्यांनी महिन्याला सुमारे तीन हजार रुपये खर्च येईल, असं म्हटलं होतं. शेजारच्या बांगलादेशात मे २०२५ मध्ये सेवा सुरू झाली, तेव्हा तिथला सगळ्यात स्वस्त दर महिना ४,२०० टका आणि उपकरण ४७,००० टका होतं. आपल्या पैशात हे महिना तीन हजारांच्या आणि उपकरण तेहतीस हजारांच्या आसपास जातं.

आता आपल्या भाषेत मांडू. महिना तीन हजार म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे वर्षाचं इंटरनेट जवळपास सात क्विंटल सोयाबीन खाणार, आणि तेही हमीभाव मिळाला तर. उपकरणाचे तेहतीस हजार पहिल्या वर्षी वेगळे. कोरडवाहू दोन-तीन एकरवाल्या घराला हे परवडत नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

मग एकट्या घराने कधी घ्यावं? घरातून चालणारा व्यवसाय इंटरनेटवर उभा असेल, म्हणजे आपले सरकार सेवा केंद्र, बँक मित्राचं काम किंवा घरून करायची नोकरी, तर छत्री स्वतःचा खर्च काढू शकते. केवळ सिनेमे आणि मुलांच्या व्हिडिओसाठी घेऊ नका. मुलांच्या अभ्यासासाठी घ्यायची असेल, तर पुढचा भाग वाचा.

गावाने मिळून घेतलेली एक छत्री

मला उपग्रह इंटरनेटची खरी जागा इथे दिसते. चाळीस घरांच्या तांड्यावर चाळीस छत्र्या लागत नाहीत, एक चालू राहणारी छत्री लागते. ती जिल्हा परिषद शाळेवर, आरोग्य उपकेंद्रावर किंवा ग्रामपंचायतीवर असावी आणि रेशन दुकानाच्या मशीनपर्यंत तिचं वाय-फाय पोचावं. अंगठा लावायला आणि फॉर्म भरायला फार गती लागत नाही, त्यामुळे एकाच जोडणीवर गावाची सरकारी कामं निघतात.

केंद्रीय राज्यमंत्र्यांनीच सांगितलं होतं की स्टारलिंकला साऱ्या देशात जास्तीत जास्त वीस लाख ग्राहक घेता येतील. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा लहान आहे. तेव्हा घरोघरी छत्री हे चित्र तूर्त डोळ्यासमोरून काढून टाका आणि आपल्या गावाची एक जागा कशी पक्की होईल ते बघा.

क्रम असा ठेवा:

१. रेंज नसल्याचा पुरावा. मोबाइल कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर कुठे २जी, ४जी, ५जी पोचतं याचा नकाशा ठेवणं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, बंधनकारक केलं आहे. नकाशात तुमचं गाव रंगवलेलं दिसतं आणि प्रत्यक्षात रेंज नाही, तर त्याचा फोटो काढून ठेवा. ट्रायच्या 'मायस्पीड' ॲपवर गावातल्या चार-पाच जागी वेग मोजा आणि तारीख-वेळेसह नोंद ठेवा. कुठेच रेंज नसेल तर ॲप चालणारच नाही. तेव्हा सरपंच, शिक्षक, आशाताई यांच्या सह्यांचा साधा पंचनामा करा.

२. ग्रामसभेचा ठराव. ठरावात नुसतं 'नेटवर्क मिळावं' असं लिहू नका. वाडी-तांड्याचं नाव, घरांची संख्या, शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र, रेशन दुकान आणि सर्वांत जवळच्या रेंजच्या जागेचं अंतर लिहा. मागण्या तीन, वेगवेगळ्या: भारतनेटचं फायबर दुरुस्त किंवा नवीन जोडणे, बीएसएनएलचा ४जी टॉवर, आणि राज्याच्या उपग्रह इंटरनेट उपक्रमात गावाचा समावेश.

३. ठराव योग्य जागी. एक प्रत तहसीलदारांना, एक गटविकास अधिकाऱ्यांना, एक जिल्हाधिकारी कार्यालयाला. पोच शिक्क्यासह घ्या. राज्याच्या इरादापत्राच्या वेळी नांदेडचं नाव नव्हतं. भोकर, हिमायतनगर, किनवट, माहूर या पट्ट्यातली गावं गडचिरोलीसारखीच डोंगर-जंगलात आहेत, हे कुणीतरी कागदावर मांडल्याशिवाय ते नाव यायचं नाही. आमदार-खासदारांना निवेदन देतानाही हाच ठराव जोडा.

४. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. विचारा: 'आमच्या ग्रामपंचायतीची भारतनेट जोडणी कोणत्या तारखेला सुरू झाली, आज चालू आहे का, शेवटची दुरुस्ती कधी झाली?' प्रश्न एवढेच ठेवा. लांब अर्जाला लांब टोलवाटोलवी येते.

खर्च कोण करणार? ग्रामपंचायत विकास आराखड्यात ही बाब घेता येते. वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून ती बसते का, हे आराखडा करतानाच गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. उपकरण घेणं सोपं असतं, महिन्याचं बिल भरत राहणं अवघड. तेव्हा ठरावातच पुढच्या तीन वर्षांच्या बिलाची तरतूद आणि एका जबाबदार माणसाचं नाव लिहा. भारतनेटची किती यंत्रं केवळ या एका कारणाने धूळ खात पडली, ते आपण डोळ्यांनी बघतो आहोत.

आजच, वाट न बघता घेता येणारा उपग्रह पर्यायही आहे. ह्युजेस आणि नेल्को या कंपन्यांची जुनी, स्थिर उपग्रहांवरची सेवा बँका आणि सरकारी कामांना वर्षानुवर्षं मिळते. इस्रोच्या जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ या उपग्रहांवरून ह्युजेसने २०२२ पासून जास्त गतीची सेवा सुरू केली. भारतनेटनेही जिथे फायबर नेता येत नाही अशा हजारो ग्रामपंचायती अशाच छत्रीने जोडल्या आहेत. संस्थेने लेखी दरपत्रक मागवावं.

एकाने जोडणी घेऊन शेजाऱ्यांना पैशावर वाय-फाय विकणं मात्र परस्पर करू नका. त्यासाठी केंद्राची 'पीएम-वाणी' योजना डिसेंबर २०२० पासून आहे. त्यात चहाची टपरी किंवा किराणा दुकानदारही सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. त्याला वेगळा परवाना किंवा परवाना शुल्क लागत नाही, मात्र नोंदणीकृत एजन्सीमार्फत जोडून घ्यावं लागतं. उपग्रहाची जोडणी अशी वाटायला कंपनीच्या अटी परवानगी देतात का, हे आधी लेखी विचारा.

जागा, वीज आणि पाऊस

आभाळ. छत्रीच्या चारी बाजूंनी आणि डोक्यावर मोकळं हवं. अंगणातला लिंब किंवा चिंच आड येत असेल तर झाड तोडू नका, छत्री दुसरीकडे न्या. जोडणीआधी कंपनीचं ॲप फोनच्या कॅमेऱ्याने आभाळातले अडथळे दाखवतं, ते वापरा.

छप्पर. माळवदाच्या घरावर भोकं पाडून काहीही बसवू नका. पहिल्याच पावसात गळती लागते. पत्र्यावरही वाऱ्याने हलतं. अंगणात सिमेंटमध्ये रोवलेला लोखंडी पाइप सगळ्यात चांगला. वानरांचा त्रास असेल तर केबल पाइपातूनच घ्या.

लाईट. स्टारलिंकच्या नेहमीच्या उपकरणाला साधारण ७५ ते १०० वॅट लागतात. चोवीस तास सुरू ठेवलं तर महिन्याला ५४ ते ७२ युनिट. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो, म्हणजे सत्तर-ऐंशी युनिट वापरणारं घर वरच्या टप्प्यात जाईल. लहान 'मिनी' उपकरणाला २५ ते ४० वॅट पुरतात. रात्री बंद ठेवण्याची सवय लावा. १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी नेहमीच्या उपकरणाला साधारण बारा तास चालवते, पंखे आणि दिवे त्यावर नसतील तर. शेतातल्या आखाड्यावर कृषी वाहिनीची लाईट दिवसातून काही तासच असते. तिथे सौर पॅनलशिवाय विचारच करू नका.

पाऊस आणि वीज. मुसळधार पावसात आणि दाट काळ्या ढगांत वेग पडतो, काही मिनिटं जोडणी तुटते. पाऊस ओसरला की परत येते. विजेचा धोका मात्र गंभीर आहे. आपल्या भागात वळवाच्या पावसात विजा पडून दरवर्षी माणसं आणि जनावरं दगावतात. उंच लोखंडी पाइपला अर्थिंग हवंच आणि गडगडाट सुरू होण्याआधी प्लग काढून ठेवा. कडकडाटात छत्रीला हात लावायला जाऊ नका.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पाणी घुसून गावं वेढली गेली, बचावासाठी लष्कर बोलवावं लागलं. अशा वेळी टॉवरची लाईट जाते, केबल वाहून जाते. उंच जागेवर सौर बॅटरीवर चालणारी एक छत्री गावाचा बाहेरशी धागा टिकवू शकते. गावासाठी छत्री मागताना ठरावात हे कारण आवर्जून लिहा.

पैसे भरण्याआधी लेखी विचारा

- उपकरण माझ्या मालकीचं की भाड्याचं? बंद केल्यावर परत घ्याल का?
- दर जीएसटीसह की जीएसटी वेगळा?
- महिन्याला किती डेटा, आणि तो संपल्यावर वेग किती?
- जोडणी याच पत्त्यावर बांधलेली का? घरातून आखाड्यावर नेली तर चालेल का?
- किती दिवसांत परत केल्यास पूर्ण पैसे मिळतील?
- बिघाड झाल्यास माणूस येणार का, की उपकरण मीच पाठवायचं?

जोडणी ओळख तपासूनच मिळेल. 'कागदपत्रांशिवाय देतो' म्हणणारा माणूस एक तर फसवतो आहे, नाहीतर तस्करीचा माल विकतो आहे. परदेशातून आणलेलं उपकरण इथे परवानगीशिवाय वापरणं गुन्हा आहे. उपग्रह फोनचंही तसंच. आखाती देशात काम करणाऱ्या भावाने किंवा भाच्याने आणला तरी घेऊ नका.

फसवणुकीचे ओळखीचे प्रकार

'स्टारलिंकची डीलरशिप देतो', 'पहिल्या शंभर गावांना अनुदान', 'आज नोंदणी केली तर छत्री फुकट'. या तिन्हीला बळी पडू नका. जुना प्रकारही फिरतो आहे: 'तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिना पन्नास हजार भाडं, आधी ट्रायच्या परवानगीचे पैसे भरा.' ट्राय असली परवानगी देत नाही आणि तिचे पैसेही घेत नाही. सेवा खरंच सुरू झाली की ती कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर तुमच्या पत्त्यासाठी उपलब्ध म्हणून दिसेल, किंवा अधिकृत दुकानात पक्क्या पावतीवर मिळेल. एअरटेल आणि जिओ या दोघांनीही मार्च २०२५ मध्ये स्टारलिंकशी करार जाहीर केले आहेत, तेव्हा त्यांच्या भोकर किंवा नांदेडच्या अधिकृत दालनात जाऊन खात्री करता येईल.

पैसे गेलेच, तर लाजू नका, थांबू नका. त्याच क्षणी १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता राहते. रेंज नसेल तर दुचाकी काढा आणि रेंजमध्ये जा, पण उद्यावर टाकू नका.

तक्रार कुठे, कशी

मोबाइल किंवा ब्रॉडबँड चालत नसेल तर कंपनीच्या १९८ या मोफत क्रमांकावर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्याशिवाय पुढची पायरी नाही. समाधान झालं नाही तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील करा. त्याचा निर्णय ३९ दिवसांत यायला हवा आणि त्याला शुल्क नाही. तिथेही न्याय नाही मिळाला तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

त्यापुढे नांदेडचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पावती, तक्रार क्रमांक, मेसेजचे फोटो एका पिशवीत जपून ठेवा. उद्या छत्री घेतलीत तर तिच्या बाबतीतही याच पिशवीचा आधार आहे.

आता एक विनंती. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे ते विचारून घ्या आणि त्या दिवशी आपल्या वाडीतल्या, तांड्यावरच्या रेंज नसलेल्या जागांची यादी हातात घेऊन जा. मग ठराव द्यायला जाल तेव्हा त्याच्या प्रतीवर तहसील कार्यालयाचा पोच शिक्का घेतल्याशिवाय घरी परतू नका.